प्रवेश समितीच्या अहिरे मॅडम

अहिरे मॅडम घाबरट होत्या हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. फोन वाजला की त्या आधी स्क्रीनकडे टक लावून बघत, मग पदराला हात पुसत आणि मगच उचलत. उचलल्यावर ‘हॅलो’ नाही, थेट ‘काय झालं?’ असं विचारत. पलीकडच्या माणसानं बिचाऱ्यानं सुट्टी आहे का एवढंच विचारायला फोन केलेला असायचा.

त्या भूगोल शिकवायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं एरवी अगदी पुस्तकी, स्वच्छ; पण घाबरल्या की अहिराणी बाहेर यायची. एकदा भूगोलाच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्यांमागून भलीमोठी धामण निघाली. पोरं बाकांवर चढली, मी दारातून मागच्या मागे पळाले. मॅडमनी शांतपणे खिडकी उघडली, सगळ्यांना हलू नका म्हणाल्या आणि धामण बाहेर जाईपर्यंत तिच्याकडे कौतुकानं बघत उभ्या राहिल्या. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मला जनावराचं भेव नाही गं सुजाता. टेबलापलीकडच्या माणसाचं वाटतं.”

आमचं कॉलेज दिंडोरी तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. मागच्या भिंतीला लागून द्राक्षाची बाग. फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि ओरडून शिकवायचं. मी नाशिक रोडहून स्कूटीवर यायचे, तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायला. म्हणजे घेतलेल्या तासांपुरती मी शिक्षिका. वर्ग असला तर मी होते, नसला तर नव्हते.

आणि लॉकडाऊननंतर वर्ग नसायचीच वेळ आली. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा कला शाखेचे बाक निम्मे रिकामे होते. मुलं कंपन्यांत लागली होती, पुष्कळ मुलींची लग्नं झाली होती, पेठ-सुरगाण्याकडची काही तर कुठे गेली हेच कुणाला सांगता येत नव्हतं. संस्थेचं पत्र आलं. ठरलेली संख्या भरली नाही तर पहिल्या वर्षाची तुकडी बंद होणार, आणि तुकडीबरोबर तिचे शिक्षक अतिरिक्त ठरणार. तीन वर्षांत प्रवेश कसे वाढवणार याचा आराखडा मागवला होता. प्रवेश समितीचं प्रमुखपद घ्यायला कुणी तयार होईना. एकाचं ब्लडप्रेशर निघालं, दुसऱ्याच्या मुलीची दहावी. बैठकीत प्राचार्यांनी अहिरे मॅडमकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. तेवढ्यावर ते काम त्यांच्याकडे आलं.

बाकीच्यांच्या कल्पना ठरलेल्या होत्या: नाक्यानाक्यावर फ्लेक्स, लाउडस्पीकरची रिक्षा, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. मॅडमनी ड्रॉइंगचा मोठा कागद आणला आणि त्यावर आजूबाजूच्या गावांचा नि पाड्यांचा नकाशा काढला. कुठे बारावीपर्यंत शाळा आहे, कुठून किती मुली पास झाल्या, तिथे एसटी किती वाजता येते, परत किती वाजता जाते, शेवटच्या थांब्यापासून घर किती लांब. हे सगळं त्या शाळेतल्या गुरुजींना फोन करून विचारत. एकेका फोनआधी ग्लासभर पाणी पीत. संस्थेला पाठवलेल्या आराखड्यात त्यांनी पहिली मागणी मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसवण्याची लिहिली होती. कार्यालयात त्यावर बरंच हसणं झालं. मॅडम म्हणाल्या, “पोरगी कॉलेजात येणार की नाही ते एसटी आणि संडास ठरवतात. आपण फक्त रजिस्टर उघडून बसतो.”

मग आम्ही पाड्यांवर जायला लागलो. माझी स्कूटी, मागे मॅडम, दोन्ही हातांनी माझे खांदे आवळून. वळण आलं की त्यांची बोटं रुतायची. कुत्रं दिसलं की पाय वर. पण अंगणात पोचलो की खाटेवर बसून त्या आधी पिकाचं विचारायच्या, मग पाण्याचं, आणि शेवटी पोरीचं. शिकवा असं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. काय अडतं, एवढंच विचारलं. जवळपास प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं. सकाळची गाडी कॉलेज सुरू झाल्यावर पोचते, आणि दुपारची गाडी कॉलेज सुटायच्या आत निघते.

गाडीची वेळ बदलायला आगारात जावं लागणार होतं. मॅडमनी काय बोलायचं ते फुलस्केपवर लिहून काढलं. आगार व्यवस्थापकांच्या केबिनबाहेर आम्ही तासभर बसलो आणि त्या तासात त्या तीनदा म्हणाल्या, आपण उद्या येऊ. आत गेल्यावर कागद असा थरथरत होता की त्यांना वाचता येईना. व्यवस्थापक भला माणूस. त्यानं कागद हातातून घेतला, स्वतः वाचला, मॅडमना बसायला सांगितलं. अशा पाच-सहा खेपा झाल्या आणि श्रावण संपता संपता गाडीची वेळ बदलली. त्या गाडीनं अकरा मुली आल्या. त्यांना बघून मॅडम खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या फाटकापाशी उभ्या राहून एकेकीला नीट न्याहाळत होत्या. मला म्हणाल्या, “आतापर्यंत यांचं काही झालं असतं तर मला कळलंही नसतं.”

त्या दिवसापासून मॅडमच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पौषातल्या एका सकाळी गाडी आलीच नाही. पहिला तास झाला, दुसरा झाला. कुणीतरी बातमी आणली की घाटात बस कलंडली आहे. कुठली बस, ते त्याला माहीत नव्हतं. मुलींचे फोन लागेनात. घाटात रेंज नसते. मॅडम वर्गातून बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि उठेचनात. ओठ पांढरे पडले होते. “माले भेव वाटस,” त्या मला म्हणाल्या. कधी नव्हे ते त्यांनी माझ्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि स्कूटीकडे चालायला लागल्या. त्यांना स्कूटी येत नव्हती.

घाट चढताना त्यांनी माझे खांदे धरले नव्हते. मागे आहेत की नाही म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. डोळे मिटून बसल्या होत्या. एका वळणावर कलंडलेली गाडी दिसली. ती कांद्याचा ट्रक निघाली. माणूस कुणी दुखावलं नव्हतं, पण रस्ता अडला होता आणि त्याच्या पलीकडे आमची एसटी धडधाकट उभी होती. मुली रस्त्याकडेच्या बोरी झोडत होत्या. ओढणीत बोरं भरून एकजण पळत आमच्याकडे आली. मॅडमनी तिच्या खाडकन थोबाडीत दिली, आणि लगेच तिला पोटाशी धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मुलावर हात उगारलेला मी तो एकदाच पाहिला. मग सगळ्यांना त्या अहिराणीत बोल बोल बोलल्या. मुलींना ती भाषा समजत नव्हती, तरी त्या माना खाली घालून ऐकत राहिल्या. परतताना मॅडमना स्कूटीवर बसता येईना. रस्ता मोकळा झाल्यावर त्या मुलींबरोबर एसटीतून आल्या.

पुढच्या वर्षी प्रवेश थोडे वाढले, पण पुरेसे नाहीत. संस्थेला हवी होती ती उडी काही दिसेना. प्रवेशसंख्येची तपासणी तोंडावर आली होती. एका शनिवारी प्राचार्यांनी मॅडमना बोलावून एक गठ्ठा दिला. चाळीसच्या आसपास अर्ज. भरलेले, फोटो चिकटवलेले, बारावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्स जोडलेले. तालुक्यात दाखले काढून आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक माणूस होता, त्याच्याकडून ते आले होते. मुलं काही येणार नव्हती. ती कामावर होती, कुठे ना कुठे. परीक्षेचं पुढचं पुढे बघू, आत्ता तुकडी वाचली पाहिजे, असं प्राचार्यांचं म्हणणं. प्रत्येक अर्जाखाली समितीप्रमुखाची सही हवी होती. सहीच्या वर छापलेलं होतं: मूळ कागदपत्रे पाहिली, विद्यार्थी समक्ष हजर होता.

मॅडम गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. दुपारची वेळ, बाकी सगळे घरी गेले होते. त्यांनी दार लोटलं आणि मला काय ते सांगितलं. मी काय बोलणार? तुकडी गेली तर माझेही तास जाणार होते. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, करून टाका सह्या, सगळीकडे करतात. मी तसं म्हटलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. “करू का गं?” त्यांनी विचारलं. मी खिडकी लावायला उठले.

त्यांनी पेन काढलंही. मग पहिला अर्ज वाचत बसल्या, दुसरा घेतला, तिसरा. एकदम म्हणाल्या, “सुजाता, हे बघ.” निम्म्याहून जास्त अर्जांवर मोबाइल नंबर एकच होता. माणसं वेगळी, गावं वेगळी, नंबर तोच.

हा नंबर त्या अर्ज भरणाऱ्या माणसाचाच असणार हे उघड होतं, आणि तसं पाहिलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मॅडमचा चेहरा उतरला. या मुलांना त्यांची नावं इथे आलीत हे तरी माहीत आहे का, असं त्या पुटपुटल्या. मग नकाशाच्या वेळी ज्या गुरुजींचे नंबर जमवले होते त्यांना फोन लावत सुटल्या. गुरुजी घरच्यांचे नंबर द्यायचे, मी लिहून घ्यायचे, मॅडम तिकडे फोन करायच्या. एक मुलगा अंबडच्या कंपनीत होता. एकीचं लग्न होऊन ती गुजरातेत गेली होती. एकजण आमच्याच मागच्या बागेत छाटणीला होता. कॉलेजात नाव आहे म्हटल्यावर तो हसायला लागला.

सातवा किंवा आठवा फोन सविता नावाच्या मुलीच्या आईला लागला. पेठेकडचा एक पाडा. मॅडमनी कॉलेजचं नाव सांगितलं, सविताचा प्रवेश अर्ज आलाय म्हणाल्या आणि पुढे काही विचारायच्या आतच पलीकडून आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

“माझी सविता तुमच्याकडं हाय का?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाईनं पुन्हा विचारलं. दिवाळीनंतर सविता मजुरांच्या टोळीबरोबर कामाला गेली होती, गुजरातेकडे. पहिले दोन महिने फोन यायचा, मग बंद झाला. नेणारा माणूस म्हणायचा बरी हाय, काळजी करू नका. तिची गुणपत्रिका त्याच माणसाकडे होती, पगारी नोकरीला लागते म्हणून त्यानं घेतलेली. तिनं त्याचा नंबर सांगितला, तो अर्जांवरचाच निघाला: अर्ज भरणारा माणूस आणि टोळी नेणारा माणूस एकच होता.

“नाव आलंय ताई,” मॅडम म्हणाल्या. “ती नाही आली.”

“नीट बघा ना बाई. दुसऱ्या वर्गात आसंल.”

शनिवारची दुपार होती. सगळे वर्ग रिकामे होते आणि ते मॅडमना माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, थांबा, बघून येते. फोन टेबलावर तसाच चालू ठेवून त्या खरोखर उठल्या. व्हरांड्यातून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. एका दारापाशी थांबायचा, पुढच्या दारापाशी जायचा. मी फोनकडे बघत बसले होते. पलीकडे एक कोंबडी ओरडत होती आणि त्या बाईचा श्वास ऐकू येत होता. परत येऊन मॅडमनी फोन हातात घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. मग बाकीचे अर्ज तसेच बांधून ठेवले. सविताच्या अर्जाचा मी मोबाइलवर फोटो काढला. मॅडमनी काढायला सांगितला नव्हता, पण काढू नकोस असंही म्हणाल्या नाहीत.

सोमवारी त्यांनी गठ्ठा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. मी दाराशी उभी होते. त्यांनीच मला थांब म्हटलं होतं, एकटीनं आत जायचं धाडस नव्हतं म्हणून. त्या म्हणाल्या, “सर, मला फार भीती वाटतेय. पण यावर सही नाही करत मी.”

प्राचार्य रागावले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून दडपण होतं. ही नुसती औपचारिकता आहे, असं त्यांनी समजावलं. त्या मुलीचं जे काही असेल ते पोलिसांचं काम, कॉलेजला त्यात ओढू नका. तुकडी गेली तर तुम्हीच आधी अतिरिक्त व्हाल. मॅडम हो सर म्हणाल्या. मग ते शांतपणे म्हणाले, “आणि तुमच्या त्या एसटीच्या मुली? त्यांच्या धाकट्या बहिणी कुठे जातील?”

मॅडमनी गठ्ठा आणखी थोडा त्यांच्याकडे सरकवला. मग त्या बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी फोन करून बोलावलेली सविताची आई पाड्यावरून आली, त्याच बदललेल्या वेळेच्या गाडीनं, आणि आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो.

तिथेही मॅडमनी फुलस्केप आणला होता. ठाण्यातल्या हवालदारानं आईला दोन-चार प्रश्न विचारले, मुलगी सज्ञान आहे, आपल्या मर्जीनं गेली असेल, म्हणाला. मग मॅडमकडे वळून त्यानं विचारलं, “तुम्ही कोण हिच्या?”

“मी तिची शिक्षिका,” मॅडम म्हणाल्या.

सविताला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. खोट्या प्रवेशावर सही करायला नकार देणाऱ्या बाईनं पोलिसांसमोर सांगितलेलं हे खोटं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला, मॅडमनी नंबर दाखवला, त्याच नंबरचे इतके अर्ज आहेत हे सांगितलं. तक्रार घेतली जाईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. पुढचे दिवस मॅडम कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना मागे वळून बघायच्या. अर्ज भरणाऱ्या माणसाची मोटारसायकल दोनदा फाटकासमोर उभी राहिली. तो काहीच बोलला नाही, नुसता बसून होता. मॅडमनी घरी जायचा रस्ता बदलला. मला रोज पोचल्यावर मेसेज करायला लावायच्या, आणि दहा मिनिटं उशीर झाला की फोन: काय झालं?

महिनाभराच्या आतच पोलिसांना सविता सापडली. गुजरातेतल्या एका गावात सुताच्या कारखान्यात होती, तिच्यासारख्या आणखी चार मुलींबरोबर. फोन काढून घेतलेले, कागद मालकाकडे, बाहेर जायला बंदी. ती परत आली तेव्हा आम्ही पाड्यावर गेलो. ती कुडाला टेकून बसली होती आणि कुणाकडे बघत नव्हती. मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. कॉलेजचं नाव त्यांनी काढलं नाही. उठताना सवितानंच विचारलं, माझं नाव तुमच्याकडं कसं काय आलं? मॅडमनी तिला सगळं सांगितलं. ती कॉलेजात कधी आली नाही. सध्या दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये असते आणि रोज संध्याकाळी घरी जाते, एवढं मला माहीत आहे.

तुकडी गेली. तपासणीत संख्या भरली नाही आणि पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबले. आधीच आत असलेल्या अकरा जणी शिकून बाहेर पडल्या. त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींपैकी काही नाशिकला गेल्या, बऱ्याच घरीच राहिल्या. माझे तास गेले आणि मी नाशिक रोडला एका क्लासमध्ये शिकवू लागले. मॅडमची बदली संस्थेच्या नांदगावकडच्या शाखेत झाली. निरोपाच्या दिवशी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “घरी राहिलेल्यांची नावं मला पाठ आहेत. आपलं चुकलं का गं?” मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नव्हतं.

गेल्या वर्षी मामीला गाडीत बसवायला नाशिक रोड स्टेशनवर गेले होते. मामीची गाडी गेली आणि मी वळले तर पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर मनमाडकडे जाणारी गाडी उभी होती. बायकांच्या डब्याच्या खिडकीत अहिरे मॅडम. केस बरेच पिकले होते. मी पूल ओलांडून धावतच गेले. वाटेत त्यांच्यासाठी पाण्याची बाटली घेतली; सकाळी नऊलाच ऊन चटकत होतं.

खिडकीपाशी पोचले तर त्यांना झोप लागली होती. मांडीवर पर्स, डोकं गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. आजूबाजूला बायका जागेवरून भांडत होत्या, फेरीवाला ओरडत होता, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. हाक मारली असती तर दचकून उठल्या असत्या आणि पहिल्यांदा विचारलं असतं, काय झालं?

मी हाक मारली नाही. बाटली हातात धरून गाडी सुटेपर्यंत तिथेच उभी राहिले.